पाऊस गेला, आता छप्पर बघून घ्या : कौलारू घरांसाठी धागा

पडवीतला

दसरा उलटला, परतीचा पाऊस दोन-चार झोडपे देऊन गेला आणि आता ऊन पडायला लागलंय. कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर तपासायची खरी वेळ ही. आपल्याकडे शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून-बदलून पुन्हा नीट रचणं, मे महिन्यात होते. चाकरमानी गावी आलेले असतात, कौलं कोरडी असतात, माणसंही त्याच हिशेबाने येतात. शाकारणी मेमध्येच करा, त्याबद्दल वाद नाही. पण तपासणी तोवर लांबवू नका.

कारण सांगतो. मे महिन्यात छप्पर काही बोलत नाही. गळतीचे डाग फिके झालेले असतात, बुरशी वाळून झडलेली असते, कुजायला लागलेला वासाही (छपराचा उताराच्या दिशेचा लाकडी दांडा) वरून टणक लागतो. मग फुटलेली कौलं बदलून होतात आणि पाणी नेमकं कुठून शिरलं हे तसंच राहतं. लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल राहिली की कुजवणारी बुरशी वाढते. जून ते सप्टेंबर भिजलेला वासा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात वाळतोय की नाही, हे आत्ताच कळतं. वाळत नसेल तर त्याला अजूनही कुठून तरी ओल मिळतेय, किंवा त्याच्यापर्यंत वारा पोचत नाहीये.

लगेच वर चढू नका, आधी आतून बघा. भर दुपारी दारं-खिडक्या लावून माजघरात उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की कौलांमधून येणारे कवडसे दिसायला लागतात. काचेच्या कौलाचा उजेड सोडून जिथे जिथे कवडसा आहे, तिथे कौल सरकलंय, फुटलंय किंवा त्याची खाच बसलेली नाही. खडूने खाली जमिनीवर खुणा करून ठेवा.

मग बॅटरी घेऊन डाग बघा. डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वरच भोक असेल असं नाही. पाणी रिपेवरून (कौलं ज्यावर टेकतात ती आडवी पट्टी) आडवं धावतं, वाशापाशी आलं की वाशाच्या कडेने उतरतं आणि एखादा खिळा किंवा गाठ आडवी आली की तिथे टपकतं. म्हणून डाग सापडला की आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या, दिशेने वर वर बघत जायचं. कोरड्या लाकडाच्या मध्येच ओली रेघ जिथे सुरू होते, ती जागा तुमची.

लाकडाची परीक्षा स्क्रूड्रायव्हरने. वाशाची तीन ठिकाणं सोडायची नाहीत : वळचणीकडचं (छपराच्या खालच्या कडेचं) टोक, भिंतीवर टेकलेला भाग, आणि जिथे छपराची दोन पाखी (उतार) मिळतात त्या पन्हळीखालचा भाग. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं आणि ते बोटभर आत गेलं, तर तो वासा वरून कितीही धडधाकट दिसू दे, कामातून गेलाय. खाली बारीक पीठ पडलेलं दिसलं तर लाकूड पोखरणारा भुंगा. भिंतीवरून मातीची नळी वर चढलेली दिसली तर वाळवी, आणि ती नळी फोडून आत किडा जिवंत आहे का ते बघा. जुनी, रिकामी नळी असेल तर घाबरायचं कारण नाही, पण ती पुसून टाका म्हणजे पुन्हा झाली तर कळेल.

ज्यांची घरं गावाला आहेत, त्यांनी दिवाळीला जाल तेव्हा एवढं जरूर करा. बाकी अनुभवी मंडळींनी भर घालावी.

चिरेबंदी

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. एक मुद्दा जोडते. बंद घरांची छपरं राहत्या घरांपेक्षा लवकर जातात हे आमच्या वाडीत डोळ्यांसमोर दिसतं. पूर्वी दिवसातून दोन वेळा चूल पेटायची. धूर वाशांमधून, कौलांच्या फटींतून बाहेर जायचा. लाकूड कोरडं राहायचं आणि काजळीमुळे किडा लागत नसे. स्वयंपाकघरावरचे वासे काळेकुळकुळीत पण खणखणीत, आणि ओटीवरचे गोरेगोमटे वासे भुंग्याने पोखरलेले, असं एकाच घरात बघितलंय.

आता चूल नाही, वरून घर दहा-अकरा महिने बंद. मग निदान कोणाला तरी सांगून पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा दारं-खिडक्या उघडायला लावा. आमच्याकडे शेजारच्या काकी हे करतात. त्यांना किल्ली देण्याआधी आम्ही माळ्यावरचं अडगळीचं सामान सगळं काढलं, कारण गाद्या आणि पेंढा वाशांना टेकून ठेवलेला होता आणि तिथेच ओल धरून राहिली होती.

पडवीतला

@चिरेबंदी ताई, अगदी बरोबर. माळा मोकळा ठेवणं हे अर्धं काम आहे.

आंब्याखाली

सिंधुदुर्गातून लिहितोय. आमच्या घराभोवती आंबा, फणस आणि दोन बाजूंना बांबू. त्यामुळे आमचं पहिलं काम पन्हळ साफ करणं. दोन पाख्यांच्या सांध्यात पानं साठतात, पानांची माती होते, त्या मातीत रोपं उगवतात आणि पाणी तुंबून बाजूच्या कौलांखाली उलटं शिरतं. पन्हळ पत्र्याची असेल तर पानांखाली ती गंजून चाळण झालेली असते. वरून दिसत नाही, पानं काढल्यावरच कळतं. पन्हळ बदलताना पत्रा दोन्ही बाजूंच्या कौलांखाली वीतभर तरी आत जायला हवा. आमच्या आधीच्या पन्हळीचा जेमतेम चार बोटं होता.

शेवाळाबद्दल : कौलांवर हिरवं दिसलं की लोक प्रेशर वॉशर मागवतात. कृपा करून नको. कौलाचा वरचा भाजका थर उडतो आणि पाणी सांध्यातून उलटं आत जातं. शेवाळ वाळू द्यायचं, मग हिराच्या खराट्याने वरून खाली झाडायचं. खाचेत अडकलेलं मात्र काढावंच लागतं, कारण कौलाची खाच शेवाळाने भरली की पाणी तिथून वाहायच्या ऐवजी आत ओढलं जातं. पातळ लाकडी पट्टीने ते निघतं.

आमच्याकडे जे जुने कारागीर यायचे ते वर चढण्याआधी काठीने प्रत्येक वाशावर ठोकत फिरायचे. मला म्हणायचे, "वासो कसो वाजता तां आधी आयक." चांगला वासा टणटण वाजतो, गेलेला वासा भद्द बोलतो. ज्या पाख्यावर भद्द आवाज आला, तिथे ते पायच ठेवत नसत.

घाटावरची

मी पुण्यात असते, सासर मंडणगडकडे. आमच्या घराला माकडांनी इतकं छळलंय की सासरे म्हणतात कौलं काढून सरळ पत्रा टाकू. गावातले एकजण म्हणाले, पत्रा खाली घाला आणि वर कौलं ठेवा, म्हणजे कौल फुटलं तरी घर गळत नाही आणि घराचं रूपही राहतं. कोणी असं केलंय का? काही तोटे?

पडवीतला

@घाटावरची, ही पद्धत आता खूप ठिकाणी दिसते आणि नीट केली तर चांगली आहे. पण बहुतेक ठिकाणी घाईत चुकीची होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नेहमी होतं काय, की वाशांवर पत्रा ठोकतात, पत्र्यावर आडव्या रिपा मारतात आणि रिपांवर कौलं. आता एखादं कौल फुटलं की पाणी पत्र्यावर येतं, वाहून खाली जायला बघतं आणि आडव्या रिपेला अडतं. तिथेच पालापाचोळाही साठतो. रीप कायम ओली, रिपेचा खिळा पत्र्यातून आरपार गेलेला, त्या भोकातून पाणी सावकाश वाशात मुरतं. खालून काहीच कळत नाही, कारण ना कवडसा दिसतो ना थेंब पडतो. जेव्हा कळतं तेव्हा वासा गेलेला असतो. शिवाय कौलांच्या फटींतून जो वारा खेळायचा तोही बंद होतो, घर कोंदट होतं.

योग्य पद्धत अशी : पत्रा घातल्यावर आधी प्रत्येक वाशाच्या डोक्यावर उभी पट्टी मारायची, उताराच्या दिशेने. खिळे किंवा स्क्रू फक्त ह्या पट्टीतून खाली वाशात. मग त्या उभ्या पट्ट्यांवर आडव्या रिपा आणि वर कौलं. म्हणजे पत्रा आणि रीप यांच्यात इंचभर मोकळी जागा राहते. पाणी आणि कचरा त्या जागेतून वळचणीपर्यंत सरळ खाली येतो, वाराही फिरतो. वळचणीला आणि आढ्याला ही फट बंद करायची नाही, उंदीर-पाखरं शिरू नयेत म्हणून जाळी लावायची. वजन थोडं वाढतं, त्यामुळे आधी वासे तपासून घ्या. कमजोर वाशांवर हा थर चढवणं धोक्याचं आहे.

आणि अशा छपराची तपासणी फक्त आतून होत नाही हे लक्षात ठेवा. दर पावसाळ्यानंतर बाहेरून शिडी लावून कौलांच्या रांगा बघाव्याच लागतात.

भातखाचर

माकडांवर उपाय विचारताय तर आमचा अनुभव. वानरं झाडावरून उडी मारतात तेव्हा ठरलेल्या जागी उतरतात. आमच्या घरात वर्षानुवर्षं फुटणारी कौलं एकाच कोपऱ्यातली होती, फणसाच्या एका फांदीसमोरची. फांदी तोडली आणि तो त्रास बराच कमी झाला. आधी फुटलेल्या कौलांचा नकाशा काढा, मग झाडाकडे बघा.

कौल बदलायला दर वेळी वर चढावं लागत नाही, हेही सांगतो. आतून शिडीवर उभं राहून वरच्या रांगेतलं कौल जरा उचलायचं, फुटकं खाली ओढून काढायचं, नवं तिरकं सारून रिपेवर त्याचं नाक अडकवायचं आणि वरचं सोडून द्यायचं. हात बसला की मिनिटाचं काम. वर पाय पडला नाही म्हणजे आणखी चार फुटत नाहीत.

घाटावरची

@पडवीतला, खूप धन्यवाद, उभ्या पट्ट्यांबद्दल कोणीच बोललं नव्हतं. सासऱ्यांना वाचून दाखवते. @भातखाचर, आमच्याकडेही एक जांभूळ आहे अगदी घराला लागून, ते बघायला सांगते.

वेंगुर्ल्याची

सगळ्यांना हात जोडून विनंती, वळचणीत आणि माळ्यावर हात घालण्याआधी काठी घाला. कौलांखाली पाली आणि उंदरांच्या मागे साप येतात. बहुतेक वेळा तो कवड्या असतो, बिनविषारी. पण मण्यार दिसायला बरीचशी तशीच असते आणि तिचं विष जिवावर बेततं. अंधारात, शिडीवर उभं राहून फरक करत बसू नका. सर्पमित्राला बोलवा. विंचू तर जुन्या कौलांच्या ढिगात हमखास, म्हणून शिलकी कौलं उचलतानाही जाड हातमोजे.

चिरेबंदी

+१. आणि वाशांवरून गेलेल्या विजेच्या वायरीही बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर आणि ओला वासा ही जोडी फार वाईट. मेन स्विच बंद करूनच माळ्यावर जा.

कौलवाला_मित्र

माझं बांधकाम साहित्याचं दुकान आहे, म्हणून कौल निवडण्याबद्दल लिहितो.

मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला 1865 साली सुरू केला, आणि पुढे तशी कौलं काढणारे कितीतरी कारखाने झाले. प्रत्येकाचा साचा जरा वेगळा. त्यामुळे एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. तुमच्या घरावरचं कौल उलटं करा, मागे कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. दुकानात येताना ते कौलच घेऊन या आणि नव्यासोबत खाच जुळवून बघा. खाच जुळत नसेल तर जुनी कौलं एका पाख्यावर एकत्र करा आणि नवी दुसऱ्या पाख्यावर घाला. मध्ये मध्ये ठिगळं लावलीत तर प्रत्येक ठिगळाच्या चारही बाजूंनी गळेल. जुनी घरं मोडतात तिथे चांगली जुनी कौलं मिळतात, तीही बघा.

परीक्षा : कौल हातात लोंबतं धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज म्हणजे तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. दुसरी परीक्षा घरी करण्यासारखी. उन्हात पूर्ण वाळवलेलं कौल वजनकाट्यावर ठेवा, मग चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. समजा 2.6 किलोचं 3.1 किलो झालं, तर ते एकोणीस टक्के पाणी प्यायलं. मंगलोरी कौलांसाठी आयएस 654 हे भारतीय मानक आहे आणि त्यात पाणी पिण्याला मर्यादा घातलेली आहे. मी गिऱ्हाइकांना साधं सांगतो, पाचव्या हिश्शाच्या वर वजन वाढलं तर ते कौल घेऊ नका. जास्त पाणी पिणारं कौल पावसात जड होतं, वाशांवर भार येतो, शेवाळ लवकर धरतं आणि खालची रीप कधी वाळतच नाही.

टेरेसवाला

आमचं स्लॅबचं घर आहे, ठाण्यात. विषय थोडा वेगळा, पण वेळ तीच म्हणून लिहितो. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी गच्चीवर जा. जिथे अजून पाणी किंवा चिखलाची कड उरलीय तिथे उतार गेलाय. गच्चीवर कोब्याला (स्लॅबवरचा उताराचा थर) हातोडीने हलकं ठोका, पोकळ आवाज आला तर कोबा खालून सुटलाय आणि त्याच्याखाली पाणी फिरतंय. कठड्याच्या मुळाशी जी गोलाई केलेली असते तिथल्या भेगा सगळ्यात आधी भरा. पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं उपटू नका, वरचा भाग निघतो आणि मूळ आत जाडच होत राहतं. तिथला गिलावा फोडून मुळासकट काढावं लागतं.

खालून छताला पांढरे क्षार दिसले तर पाणी मुरतंय. तपकिरी रेघ आणि पोपडे दिसले तर सळई गंजून फुगलीय, आणि तिथे नुसतं प्लास्टर मारणं म्हणजे दुखणं झाकणं. सळई मोकळी करून, गंज साफ करून, मगच वर मटेरियल भरायचं.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी : सर्वात वरच्या मजल्यावर गच्चीतून गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची असते, ती एकट्या सभासदावर ढकलता येत नाही. पत्र आत्ता द्या, म्हणजे मार्चपर्यंत कोटेशन येतात आणि मेअखेर काम पुरं होतं. मे महिन्यात पत्र दिलंत तर पुढच्या पावसातही बादल्याच.

सिएटलकडून

इथला पावसाळा हिवाळ्यात असतो. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल रिमझिम, वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे कोकणाच्या निम्म्याहूनही कमी. पण ऊनच पडत नाही, त्यामुळे ओल महिनोन्महिने हटत नाही. आमची छपरं लाकडी फळ्यांवर डांबरी शिंगल्सची (कौलांसारख्या एकावर एक लावलेल्या पातळ पट्ट्या). वसंतात आम्ही जी तपासणी करतो ती तुमच्या वर्णनाशी इतकी जुळते की नवल वाटलं. आधी आतून, अॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यात) बॅटरी घेऊन. खिळ्यांची टोकं गंजलेली दिसली तर ते पावसाचं पाणी असेलच असं नाही, घरातली वाफ वर जाऊन थंड फळ्यांवर जमलेली असू शकते. त्यावर उपाय वर नाही, खाली आहे : बाथरूमचा पंखा वाफ अॅटिकमध्ये सोडतोय की थेट बाहेर, हे बघायचं.

बाहेर छपराच्या कडेच्या गटारात शिंगल्सवरची वाळूसारखी खडी किती साठलीय ते बघतो, खूप असेल तर छपराचं वय झालं. धुराडं आणि पाइप जिथून छपरातून बाहेर येतात तिथला पत्रा आणि रबर आधी जातं. उत्तरेकडच्या उतारावर शेवाळ ठरलेलं, आणि प्रेशर वॉशर इथेही वर्ज्य. आढ्याजवळ जस्ताची पट्टी लावतात, तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याने खाली शेवाळ कमी धरतं. कौलांवर कोणी करून पाहिलंय का?

आंब्याखाली

@सिएटलकडून, कौलांवर जस्ताची पट्टी बघितलेली नाही, पण आमच्याकडे जिथे जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याची टोपी आढ्यावर आहे तिथे तिच्या खालच्या दोन-तीन रांगा खरंच स्वच्छ असतात. आता कारण कळलं.

दिवेआगरकडचा

आमच्याकडे 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ज्यांची छपरं उडाली आणि ज्यांची टिकली, त्यांच्यात मला दिसलेला फरक सांगतो. वारा छपराला दाबत नाही, वर खेचतो, आणि सगळ्यात जास्त खेचतो वळचणीला, आढ्याला आणि बाजूच्या कडांना. ज्यांनी कडेच्या रांगा तारेने रिपेला बांधल्या होत्या, त्यांची मधली कौलंही बरीच वाचली. बहुतेक कौलांना मागे तारेसाठी भोक असतं, ते कोणी वापरत नाही. सगळी कौलं बांधायची गरज नाही. वळचणीच्या आणि बाजूंच्या कडेच्या दोन-दोन रांगा बांधा. तार गंजणार नाही अशी घ्या, खाऱ्या वाऱ्यात साधी तार दोन पावसाळेही टिकत नाही.

आढ्यावरच्या कोन्यांचा (माथा झाकणाऱ्या कौलांचा) सांधा ऑक्टोबरमध्ये नक्की बघा. नुसत्या सिमेंटचा असेल तर भेगा असणारच, कारण खालचं लाकूड ऊन-पावसात हलतं आणि सिमेंट हलत नाही. आम्ही चुना जास्त आणि सिमेंट नावापुरतं घालून सांधे भरून घेतले, ते आजवर धरून आहेत.

घाटावरची

अजून एक विचारते. दिवाळीत जाऊन आलो. कवडसे मोजले, वासे वाजवले. ओटीवरच्या दोन वाशांखाली पीठ पडतंय आणि तिसऱ्या एकाचं वळचणीकडचं टोक स्क्रूड्रायव्हरने सहज आत गेलं. पूर्ण वासे बदलावे लागतील का? सुतार म्हणतो सगळं छप्पर उतरवू.

पडवीतला

@घाटावरची, तिन्ही वासे वेगवेगळे धरा.

पीठ पडतंय त्या दोघांखाली जुना कागद पसरा आणि तारीख घाला. आठवड्याने बघा. पीठ पुन्हा पडलं तर भुंगा चालू आहे, नाही पडलं तर जुनं काम आहे. चालू असेल तर वासा घासून रंग-वार्निश काढा, बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन-तीन हात द्या, कोरड्या लाकडावरच, म्हणजे ते आत शिरतं. छपराखाली पाणी लागत नसल्याने ते टिकतं. काजूच्या टरफलाचं तेलही आपल्याकडे लावतात, चांगलं आहे, पण अंगावर पडलं तर कातडी भाजते, हातमोजे आणि चष्मा घालूनच.

टोक कुजलेल्या वाशाला पूर्ण बदलायची गरज बहुधा नाही. कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा आणि त्याच्या अंगाला ऐन किंवा किंजळीच्या लाकडाचा दुसरा तुकडा लावून बोल्टने आवळायचा. सांधा भिंतीच्या आत चांगला दोन-तीन फूट यायला हवा, नुसता वळचणीपुरता नको. आणि तो कुजला कशाने, ते आधी शोधा. त्याच्या डोक्यावरचं वळचणीचं कौल आखूड पडत असेल आणि पाणी वाशाच्या टोकावरून उतरत असेल, तर नवा तुकडाही तसाच जाईल.

सगळं छप्पर उतरवायचं की नाही हे सुताराला वासे वाजवून दाखवायला सांगून ठरवा. प्रत्येक वाशावर खडूने खूण करा : चांगला, दुरुस्ती, बदल. फोटो काढून इथे टाकलात तर आम्हीही बघू. दुरुस्तीचं लाकूड आत्ताच आणून पडवीत आडवं रचून ठेवा, मध्ये काड्या घालून, म्हणजे मेपर्यंत ते वाळलेलं असेल.